दोन आण्याची विहीर

मनीषाचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत कुरडया वाळत घालत होते. मनीषा म्हणजे माझ्या मामेभावाची, भागवतची बायको. तिने आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग मुलांच्या परीक्षांची, मग नाशिकच्या उन्हाची. आमच्या आजोळची माणसं मुद्द्यावर येण्याआधी गावाला एक प्रदक्षिणा घालून येतात. शेवटी म्हणाली, "ताई, सव्वा महिना होऊन राह्यला. विहीर पुजायचीय. तुम्ही याच. तुमचं आत्याबाई ऐकतात."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी मामी. आणि खरा मुद्दा विहीर पुजण्याचा नव्हता. मनीषाला दुसरी मुलगी झाली होती. दोन्ही बाळंतपणं सिझरची. तिसऱ्याच्या फंदात पडू नका, जिवाशी खेळ होईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिथल्या तिथे ऑपरेशन उरकून टाकायची तयारीही दाखवली होती. पण मामी दवाखान्याच्या दारातच आडवी आली. 'आत्ताच काय घाई हाये, बघू की,' म्हणाली. भागवत आईपुढे तोंड उघडत नाही, तो जेवायला काय ते उघडतो. मनीषाला तिसरं नको होतं, तिला भीती वाटत होती, आणि घरात तिच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. मामी माझं ऐकते ही शुद्ध अफवा आहे. पण पोरीने एवढ्या आशेने बोलावलं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? शिवाय बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झाल्यापासून मला घरात बसवतच नाही.

एप्रिल महिन्यात जालना जिल्ह्यात कोणी फिरायला जातं का, असं नवऱ्याने विचारलं. त्याला म्हटलं, काश्मीरला सगळेच जातात.

नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडली. मनमाडपर्यंत थोडाफार हिरवा रंग दिसतो, मग तो हळूहळू सोडून जातो आणि संभाजीनगरनंतर खिडकीत नुसती तापलेली माती आणि मधूनच एखादं कडुनिंब. दुपारी जालन्याला उतरले. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला मी उगाच खूश करायला 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण ऐकवली. तो म्हणाला, "पालना तर जोरात हालून राह्यला मॅडम, पाण्याचं बोला." मग बसस्टँडपर्यंत त्याने मला नळाचं पुराण सांगितलं. नळाला पाणी येणार असं कळलं की त्याच्या बायकोचं माहेरी जाणं रद्द होतं, आणि एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात जाणारा त्याचा भाऊ रजा टाकतो. घरात माणसं वाढली, टाक्या वाढल्या, नळ तेवढा बापजाद्यांच्या काळातला.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी सांगते. जालना ते भोकरदन एसटी बऱ्यापैकी मिळतात, पण उन्हाची बाजू बघून बसा, नाहीतर उतरताना एक गाल भाजलेला असतो. मध्ये राजूर लागतं. गणपती टेकडीवर आहे, गाडी थांबते तेवढ्यात खालून हात जोडता येतात, आणि स्टँडवरची मिरचीची भजी खाता येतात. मी दोन्ही केलं, भजी जरा जास्त श्रद्धेने. भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईला काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली याची ड्रायव्हरची कल्पना आपल्यापेक्षा फार उदार असते. माझ्या मांडीवर एक अनोळखी बाळ, बाळाच्या मांडीवर एक कोबी. समोरच्या दोन बायका टँकर मोजत होत्या, आपण लहानपणी बैलगाड्या मोजायचो तशा. एकीचे जास्त झाले तेव्हा दुसरी म्हणाली, उभा असलेला धरायचा न्हाई.

पिंपळगावला रेणुकेचं दर्शन घेतलं. हंगामात इथे मिरचीचा बाजार भरतो, आणि तेव्हा आलात तर शिंकत शिंकतच गाव बघावं लागतं. एप्रिलमध्ये मात्र धांदल असते ती लागवडीची. जिथे प्यायला पाणी टँकरने येतं तिथे लोक भर उन्हाळ्यात मिरचीची रोपं लावतात, कारण आधी आलेल्या मिरचीला भाव चांगला. वेडेपणा वाटतो खरा. पण घरटी जमीन ओंजळीएवढी उरली की माणूस असाच वेडा होतो.

भागवत मोटरसायकल घेऊन आला होता. वाडी तिथून जवळच आहे. मी लहान असताना या विहिरीभोवती चार घरं होती. आता रस्ता संपला तरी घरं संपेनात. सगळ्या दारांवर एकच आडनाव. पत्र्याचं घर, त्याला चिकटून स्लॅबचं, त्याला चिकटून अर्धवट विटांचं, त्यावर भविष्यातल्या मजल्यासाठी आकाशात काढून ठेवलेल्या सळया. प्रत्येक घरातून पोरं बाहेर आली आणि सगळी मला आत्या म्हणाली. मी नावं विचारायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

मनीषा दारातच होती. बाळ झोपलेलं, मोठी स्वरा आईचा पदर धरून. मनीषा वाळली होती. मला बघून हसली आणि डोळ्यांनीच आत बसलेल्या मामीकडे बोट केलं, म्हणजे तोफ तिकडे आहे.

मामीने मला आधी जेवायला घातलं. येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा. ही येसर आमटी तुम्हाला हॉटेलात मिळणार नाही, मिळाली तर ती खरी नाही. मी तिसरी भाकरी मोडली तेव्हा लक्षात आलं की मामीने माझं तोंड मुद्दाम भरून ठेवलंय. तरी घास गिळून विषय काढलाच. म्हटलं, मामी, मनीषाची तब्येत बघ, दोन छान पोरी आहेत, आता बस कर. मामी शांतपणे म्हणाली, "बस करायला माझी काय ना न्हाई. पण मंग विहिरीतले दोन आणे कोणाला?"

हे दोन आणे तुम्हाला सांगायला हवेत, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे विहिरीचा वाटा अजून आण्यांत मोजतात. अख्खी विहीर म्हणजे सोळा आणे. मामाच्या पणजोबाने ती खणली तेव्हा सोळाचे सोळा आणे त्याचे. त्याला दोन मुलगे, आठ-आठ आणे. त्यांना मुलगे, चार-चार. असं होत होत मामाच्या वाट्याला दोन आणे आले. मामा गेला, ते भागवतचे झाले. ज्याचे जितके आणे तितकी त्याची पाण्याची पाळी. दोन आणे म्हणजे आठ दिवसांतून एक दिवस मोटर लावायची. भागवतचा एक चुलतभाऊ जालन्याला एमआयडीसीत कामाला असतो, त्याचा वाटा अर्ध्या आण्याचा. त्याची पाळी महिन्यातून कधीतरी उगवते. ती तो चुलत्याला देऊन टाकतो आणि बदल्यात वर्षाची मिरची नेतो. विहीर तेवढीच आहे. खणली तेव्हा जितकी होती तितकीच. उलट पाणी खाली गेलंय, चारी बाजूंनी बोअर पडलेत.

तर मामीचं म्हणणं असं, की मुलगा नसेल तर हे दोन आणे जावयांच्या घरात जाणार. परकी माणसं येऊन आपल्या विहिरीवर मोटर लावणार. मी म्हटलं, जावई काय सबमर्सिबल पंप घेऊन लग्नाला उभा राहणार आहे का? मनीषा तोंडाला पदर लावून हसली. मामी नाही हसली. माझी पहिली चढाई तिथेच संपली, आणि मी चौथी भाकरी घेतली.

संध्याकाळी दुसरा घोळ सुरू झाला. सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीवर जाते, हळदी-कुंकवाची बोटं ओढते, घुगऱ्या वाटते, आणि घागर भरून घरी आणते. त्यानंतर तिला पाण्याला हात लावायला मोकळीक. पद्धत गोड आहे. अडचण एवढीच होती की विहिरीत तळाला फक्त ओल होती. मामी म्हणाली, कोरड्या विहिरीची पूजा करायला आपण काय येडे हाओत? अपशकुन. विहिरीत पाणी पाहिजे म्हणजे पाहिजे. मी सुचवलं की घरच्या टाकीतली घागर न्यावी, पुजावी, परत आणावी. मामीने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच भांडी आवरायला उठले.

मग भागवतने टँकर मागवला. टँकर आला दिवस मावळताना. अख्खी वाडी जमली. पाइप विहिरीत सोडला आणि धबधबा सुरू झाला. पोरं नाचायला लागली, म्हाताऱ्या कठड्याशी येऊन तुषार तोंडावर घेऊ लागल्या. खरं सांगते, मी पर्यटनस्थळांचे नावाजलेले धबधबे बघितलेत, पण एवढ्या कौतुकाने बघितलेलं पाणी दुसरीकडे पाहिलं नाही. मामी कठड्यावर हात ठेवून राणीसारखी उभी. भागवतचे चुलते, रामभाऊकाका, शेजारीच उभे होते. त्यांनी वाकून पाणी बघितलं, 'लई झाक काम झालं' म्हणाले आणि घाईने घरी गेले. त्यांच्या घाईचा आम्हाला संशय यायला हवा होता.

सकाळी मला जाग आली ती मोटरच्या आवाजाने.

मामी न्हाऊन, नवं लुगडं नेसून अंगणात उभी होती. तिने कान टवकारले. मग जी धावली म्हणता! मागे भागवत, मागे मी, मागे एक हाताने बाळ आणि एका हाताने पूजेचं ताट सांभाळत मनीषा. विहिरीवर पोचलो तर रामभाऊकाकांची मोटर सुरात चाललेली, आणि पलीकडे त्यांच्या मिरचीच्या ओळींत ठिबकच्या नळ्या सुळसुळत होत्या. आदल्याच दिवशी लावलेली रोपं, संध्याकाळी माना टाकलेली, आता ताठ.

काकाही तयार होऊन आलेच होते, डोक्याला टोपी, घुगऱ्यांसाठी डबा हातात. लपवाछपवी काही नाही. त्यांनी सांगितलं की संध्याकाळी टँकर बघितला आणि मोटर ऑटोवर टाकली, पहाटे लाईट आली तशी तिची ती सुरू झाली. मध्यरात्र झाली की पाळी बदलते. काल भागवतची होती, आज त्यांची. मामी म्हणाली, पाणी तर आम्ही आणलं ना.

काका म्हणाले, "वहिनी, टाकीत ओतलं असतं तर तुमचं. विहिरीत पडलं की विहिरीचं. मागच्या साली मी विहिरीच्या पोटात आडवं बोअर मारलं, खर्चा सगळा माझा. पाणी लागलं तवा तुम्हीच म्हणल्या व्हत्या, विहिरीत आलं की सोळा आण्याचं."

मामीने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं. कारण ती म्हणालीच होती. नुसती म्हणाली नव्हती, पंचांना बसवून दोन आण्यांचं पाणी मोजून घेतलं होतं. आता तोच नियम तिच्याच टँकरवर बसला होता. भागवतने पळत जाऊन मोटर बंद केली, काकांनी काही अडवलं नाही. पण आम्ही वाकून बघितलं तर खाली घागरभर गढूळ पाणी, आणि त्यात एक बेडूक, बिचारा रात्रभर श्रीमंत होता.

तोवर सगळी वाडी आली होती. घुगऱ्यांसाठी आली होती, पण बघता बघता वाद पेटला. चार आणेवाले म्हणाले, मोटर बंद झाली तर उरलेल्यात आमचं काय. अर्धा आणेवाल्याची बायको जालन्याहून मुक्कामाला आली होती, तीही कळशी घेऊन पुढे. एकाने पाळ्यांची वही आणायला पोराला पिटाळलं. पोरं खाली वाकून ओरडत होती, विहीर त्यांना ओरडून परत देत होती. घागरभर पाणी आणि भोवती मोजता येणार नाहीत एवढी डोकी. मला आधी हसू येत होतं. मग नाही आलं.

मामी कठड्याशी उभी राहून ओरडली, "एका विहिरीला एवढे वाटेकरी केले तरी कोणी?"

मनीषाने ताट खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. स्वयंपाकघरात मीठ संपलं सांगावं तसं ती म्हणाली, "ज्याला त्याला आपल्या आण्यांला वारस पाहिजे व्हता, आत्याबाई."

बाळ तेवढ्यात रडायला लागलं. मामी खाली बसली. ती कोणाकडेच बघत नव्हती. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, नाशिकहून तेवढ्यासाठीच आले होते, पण म्हटलं नंदाबाई, आज तोंड बंद ठेव, बोलायचं ते बोलून झालंय.

शेवटी रामभाऊकाकाच दोर घेऊन आले. त्यांनी स्वतः पायऱ्या उतरून घागर बुडवली, बेडकाला बाजूला केलं, आणि वर दिली. मनीषाने हळदी-कुंकवाची बोटं ओढली. त्या गढूळ घागरीला नमस्कार केला. घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि वाटे कमी पडले, म्हणून मामीने आपल्या हातातला द्रोण काकांच्या डब्यात रिकामा केला. काका म्हणाले, संध्याकाळी माझ्या घरून दोन घागरी पाठवतो, बाळाच्या न्हाणाला. पाठवल्याही. भाऊबंदकी काय चीज आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या दिवशी घरात कोणी विषय काढला नाही. दुपारी भागवत मला वाडीच्या मागचा पाझर तलाव दाखवायला घेऊन गेला. तलाव म्हणजे मोठं क्रिकेटचं मैदान झालं होतं, पोरांनी मधोमध स्टंप रोवलेले. फोटो चांगले येतात, संध्याकाळी जा. तिथे बांधावर बसून भागवत एकदम म्हणाला की मनीषाला दवाखान्यात टेबलावर नेलं तेव्हा त्यालाही भीती वाटली होती, पण आईला कसं सांगावं ते त्याला कळत नाही. मी म्हटलं, मला सांगितलंस तसं. तो म्हणाला, तू काय, तू पाव्हणी हायेस. मला राग आला आणि त्याची दयाही आली. एवढा दांडगा गडी, गोणी एका हाताने उचलतो, आणि एवढं एक वाक्य त्याला उचलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. मामीने पिशवीत येसर बांधून दिलं, वाळवलेली मिरची दिली, आणि इतकी गप्प होती की मला तिच्या आजारपणाची शंका आली. मनीषाने पाया पडताना कानात विचारलं, "ताई, मी लई बोलले का?" मी म्हटलं, थोडं कमीच. पण जीपमध्ये बसल्यावर मनात आलं, मी येऊन काय केलं? भाकऱ्या खाल्ल्या आणि तमाशा बघितला. मागे त्या पोरीला पुन्हा त्याच घरात, त्याच प्रश्नासमोर ठेवून आले होते. परतीच्या वाटेवर राजूरची भजीही गोड लागली नाहीत.

नाशिकला आल्यावर लोकांनी विचारलं, काय बघितलं? आता काय सांगणार. मंदिरं बघितली, मिरची बघितली. नवऱ्याने खर्च विचारला तर म्हटलं, जाण्यायेण्याला फार नाही, येसर फुकट. पण नळ सोडला की मला ती कठड्याभोवतीची डोकी दिसतात, हे त्याला सांगितलं नाही. मी काही रोज बादल्या मोजायला लागले वगैरे असं नाही. फक्त आमच्या सोसायटीत टँकर आला आणि खालच्या मजल्यावरचे नि वरचे भांडायला लागले, तेव्हा पूर्वीसारखी गंमत वाटली नाही. आमच्याकडे आणे नाहीत, चौरस फूट आहेत, एवढाच काय तो फरक.

मग मामीचा फोन आला. ती स्वतः कधी फोन करत नाही, म्हणून मी हातातलं काम टाकून फोन उचलला. पण तिचा आवाज ठणठणीत होता. आधी गुडघा विचारला, मग परीक्षा, मग ऊन. मग म्हणाली की भागवतला सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं, त्याचंच ऑपरेशन केलं. मनीषाचं पोट दोनदा चिरलंय, आता तुझी पाळी, असं मामीनेच त्याला सांगितलं. बहाद्दर आता खाटेवर पडून शिरा खाऊन राह्यलाय, आणि अख्खी वाडी चौकशीला येऊन राह्यली. आधी हसायला येतात, मग हळूच विचारतात, दुखतं का.

मी विचारलं, "आणि वारस कुठे गेला, म्हणून विचारत नाहीत?"

"इचारतात की. सांगते, दोन आणे हायेत आन दोन पोरी हायेत. एकीला एक आणा. बराबर बसलं."

मी काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. माझी आई त्याच घरात जन्मली. लग्न होऊन जाईपर्यंत रोज पहाटे त्याच विहिरीचं पाणी तिने डोक्यावरून वाहिलं, आणि सोळा आण्यांचा हिशोब मांडताना तिच्या नावाने कोणी कधी एक पैसुद्धा धरली नाही. हे ऐकायला आज ती असायला हवी होती.